वाकडचा फ्लॅट विकून कॅरिबियन बेटावर घर आणि नागरिकत्व घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 43, पुण्यात आयटीत नोकरी, वाकडला स्वतःचा फ्लॅट, घरात बायको आणि सातवीतली मुलगी. फ्लॅट विकून कॅरिबियनमध्ये घर घ्यायचं, त्या घराच्या जोरावर नागरिकत्व मिळवायचं आणि तिकडेच राहायला जायचं. ग्रेनाडा बरं की अँटिग्वा, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळची गुहागरची. आठ वर्षं झाली, ग्रेनाडात राहते. राजधानी सेंट जॉर्जेसमध्ये एका वकिलांच्या ऑफिसात जमीन-घरांच्या व्यवहारांची कागदपत्रं बघते, नवरा हॉटेलात इंजिनिअर आहे. आम्हा दोघांचे पासपोर्ट अजून भारतीयच आहेत, राहतो ते वर्क परमिटवर. म्हणून पहिली गोष्ट ठामपणे सांगते. इथे राहायला नागरिकत्व लागत नाही, आणि नागरिकत्वासाठी लोक जे ‘घर’ घेतात ते बहुतेक वेळा राहण्याजोगं नसतं. एजंट या दोन गोष्टी एकाच चित्रात दाखवतो: समुद्र, बाल्कनी आणि पासपोर्ट.

कॅरिबियनमध्ये पैसे गुंतवून नागरिकत्व देणारे पाच देश आहेत. सेंट किट्स अँड नेव्हिसने 1984 मध्ये सुरुवात केली; बाकीचे म्हणजे डॉमिनिका, अँटिग्वा अँड बार्बुडा, ग्रेनाडा आणि सेंट लुशिया. 2024 पर्यंत त्यांच्यात स्वस्ताईची चढाओढ होती. त्या वर्षी करार होऊन किमान रक्कम दोन लाख अमेरिकी डॉलर ठरली. ग्रेनाडात त्यानंतर मालमत्तेच्या मार्गाने जायचं तर सरकारमान्य प्रकल्पातल्या हिश्शाला किमान 2,70,000 डॉलर आणि वर सरकारला 50,000 डॉलर, जे परत मिळत नाहीत. पार्श्वभूमी तपासणी, अर्ज आणि वकिलाची फी निराळी. रुपयांत हा आकडा पावणेतीन कोटींच्या पुढेच जातो. वाकडचा फ्लॅट किती मोठा आहे मला माहीत नाही, पण कर्ज फिटून हातात किती उरतील ते आधी मांडून बघा.

‘हिस्सा’ हा शब्द नीट वाचा. मान्य प्रकल्प बहुतेक हॉटेलं किंवा रिसॉर्ट असतात. तुमच्या नावावर एका खोलीचा किंवा कंपनीच्या शेअरचा भाग होतो. खोली हॉटेल चालवतं, वर्षातून एक-दोन आठवडे तुम्हाला मुक्कामाला मिळतात आणि थोडाफार परतावा देण्याचं बोलणं असतं. मुलीला शाळेत सोडून परत यायचं घर ते नव्हे. शिवाय पाच वर्षं ते विकता येत नाही.

माझ्या दिरांनी, ते दुबईत असतात, असाच हिस्सा घेतला. तेव्हा किमान रक्कम 2,20,000 डॉलर होती. पासपोर्ट काही महिन्यांत आला, त्याबद्दल तक्रार नाही. हॉटेल मात्र आजही उघड्या कॉलमांवर उभं आहे. सळ्यांना गंज चढलाय, आत झुडपं वाढलीत. मी महिन्यातून एकदा तिकडून जाते आणि फोटो काढून त्यांना पाठवते, कारण प्रकल्पवाल्यांकडून उत्तर येत नाही. तुम्ही कोणाचाही प्रकल्प बघा, पण आधी एवढं विचारा: याआधी तुम्ही बांधलेलं आणि आज पाहुणे उतरत असलेलं हॉटेल कुठे आहे? खरेदीचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे अटी पूर्ण होईपर्यंत तिसऱ्याच्या ताब्यात, राहणार का, आणि काय झाल्यावर ते बिल्डरला सुटणार? वकील तुमचा असावा, एजंटने सुचवलेला नको.

आता भारताची बाजू. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जाहिरातीत ती कुठेच नसते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे तुम्ही आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की त्याच क्षणी भारताचं संपतं. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, कोणी नोटीस पाठवत नाही. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. तो तसाच वापरत राहणं गुन्हा आहे. पुढे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड, मिळू शकतं. त्यावर भारतात कितीही राहा, नोकरी करा, फ्लॅट घ्या. मतदान मात्र गेलं, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर ठेवता येते.

दिरांचं काय झालं ते सांगते. भारतीय पासपोर्ट जमा केला होता, ओसीआयचा अर्ज चालू होता, आणि मधल्याच काळात गावी सासरे गेले. दुबईतून मुंबई तीन-साडेतीन तासांवर, पण थोरल्या मुलाला स्वतःच्या गावी जायला व्हिसा काढावा लागला. ते पोहोचले तेव्हा राख सावडून झाली होती. नंतर आमच्या बागेला लागून असलेली चुलत्यांची जमीन विकायला निघाली. सासऱ्यांनी आयुष्यभर त्या तुकड्याची वाट पाहिली होती. दिरांकडे पैसे होते, नावावर घ्यायची मुभा नव्हती. माझ्या नवऱ्यालाही ती घेता आली नाही, कारण पासपोर्ट भारतीय असला तरी परदेशात राहणाऱ्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. त्या दिवशी दोघे भाऊ फोनवर बराच वेळ गप्प होते.

पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर नेता येतात. म्हणजे नवरा-बायको मिळून किंवा मार्चच्या आधी आणि एप्रिलनंतर असे भाग करावे लागतात. दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते. तो प्राप्तिकरात वळता होतो, पण तोवर तेवढे लाख अडकतात. ओळखीतल्या माणसामार्फत ‘दुसऱ्या मार्गाने’ पाठवायचा सल्ला कोणी दिला तर तिथूनच परत फिरा. अर्जात पैशाचा स्रोत कागदोपत्री दाखवावा लागतो आणि 2023 पासून मुलाखतही सक्तीची झाली आहे. पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातला आरोपी, हिरे व्यापारी मेहुल चोक्सी याने 2017 च्या नोव्हेंबरात अँटिग्वाचं नागरिकत्व घेतलं आणि दोन महिन्यांत भारत सोडला, ते सगळ्यांच्या लक्षात आहे.

पासपोर्टची किंमत दुसऱ्या देशांच्या मर्जीवर असते, हेही ध्यानात घ्या. कॅनडाने 2014 मध्ये सेंट किट्सवाल्यांना व्हिसा लावला, ब्रिटनने 2023 मध्ये डॉमिनिकावाल्यांना. ग्रेनाडाची मोठी जाहिरात म्हणजे अमेरिकेचा ई-2 व्हिसा, म्हणजे तिथे पैसे गुंतवून धंदा चालवायला जाणाऱ्यांचा; तो अमेरिकेशी करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारताचा तो करार नाही, ग्रेनाडाचा आहे. पण 2022 च्या अखेरीपासून अमेरिकेने अट घातली की पैसे गुंतवून नागरिक झालेल्याने आधी तीन वर्षं सलग त्या देशात वास्तव्य केलेलं हवं. तुमच्या मनात तो विचार असेल तर हे आधीच माहीत असू द्या.

राहायला मात्र ग्रेनाडा मला मनापासून आवडतं. कोकणच्या माणसाला इथे परकं वाटत नाही. झेंड्यावर जायफळ आहे, आणि घाटमाथ्याखालच्या आमच्या वाडीसारखंच इथेही अंगणात जायफळ वाळत घातलेलं दिसतं. ‘ऑइल डाउन’ या त्यांच्या राष्ट्रीय पदार्थात नीरफणस, अळूची पानं, नारळाचं दूध आणि हळद असते. खारवलेलं मांस वगळून केला की माझी आई बोटं चाटेल. 1857 च्या मे महिन्यात ‘मेडस्टोन’ जहाजातून गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर इथे उतरले, त्यांची आडनावं आणि रोटी अजून आहे. गाड्या डावीकडून चालतात, क्रिकेटवर कोणाशीही बोलता येतं.

पण आजूबाजूची छोटी बेटं धरूनही देश 344 चौरस किलोमीटरचाच आहे. मोठं ऑपरेशन असलं तर लोक त्रिनिदाद किंवा बार्बाडोसला जातात. किराणा बराचसा बाहेरून येतो आणि महाग असतो. भारताची वेळ साडेनऊ तास पुढे, म्हणजे तुमची ऑफिसची सकाळ इथे मध्यरात्री. आणि जून ते नोव्हेंबर वादळं. 2004 मध्ये ‘आयव्हन’ने बहुतेक घरांची छपरं नेली आणि जायफळाच्या बागा झोपवल्या. 1 जुलै 2024 ला ‘बेरिल’ शेजारच्या कॅरियाकू बेटावर आदळलं. आम्ही सेंट जॉर्जेसमध्ये बाथरूममध्ये गादी डोक्यावर धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी कॅरियाकूचे फोटो पाहिले, त्यात छप्पर असलेलं घर शोधावं लागत होतं. घर घ्याल तेव्हा वादळाच्या विम्याचा हप्ता किती, हे किमतीइतकंच नीट विचारा.

तर माझं उत्तर: अँटिग्वा की ग्रेनाडा हे आत्ता ठरवू नका आणि फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. भारतीय पासपोर्टवर ग्रेनाडात तीन महिने व्हिसाशिवाय राहता येतं. तुमची कंपनी परवानगी देत असेल तर 2021 च्या कायद्याप्रमाणे बाहेरच्या कंपनीचं काम इथून करायला एक वर्षाचा परवाना मिळतो. भाड्याच्या घरात राहा, मुलीला शाळा दाखवा. पटलं तर साधं घर परदेशी म्हणूनही घेता येतं. त्यासाठी सरकारी लायसन्स लागतं आणि किमतीच्या 10 टक्के भरावे लागतात. तरीही ते पासपोर्टच्या हिश्शापेक्षा स्वस्तात पडू शकतं, आणि किल्ली तुमच्या हातात असते.

डिसेंबरात येऊ नका, तेव्हा सगळ्यांनाच आवडतं. सप्टेंबरात या. येताना गोडा मसाला आणा, इथे मिळत नाही. आणि सही करायच्या आधी एजंटने दिलेला करार मला पाठवलात तर मी वाचून सांगेन. त्याचे पैसे नकोत.