कोकणात समुद्रालगत घर बांधायला ग्रामपंचायतीचा दाखला पुरतो का?

नाही, नुसत्या दाखल्यावर पाया खणू नका. आधी जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, येते का ते पाहा. केंद्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार समुद्राकाठच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला सहसा मनाई असलेला पट्टा, असते. २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या गावांत ते ५० मीटर, पण किनारा व्यवस्थापनाचा सरकारी आराखडा मंजूर असेल तरच. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती मात्र मूळ जोत्याच्या मर्यादेत करता येते. आणि वाळूच्या टेकड्यांना कृपया हात लावू नका: त्या सर्वाधिक संरक्षित वर्गात आहेत आणि उधाणाच्या लाटा आधी त्याच अंगावर घेतात.