पगार दुप्पट, शिल्लक किती?

‘मॅडम, पुण्यात पगार दुप्पट मिळतोय. पण तिथला खर्च बघता हातात काही उरेल का?’ कोल्हापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे मार्च ते मे या दिवसांत हमखास येतो, कारण जूनच्या आत मुलांच्या शाळेचं ठरवायचं असतं. विचारणारा बहुतेक वेळा तिशीतला, एका मुलाचा बाप आणि मनातून जायचं पक्कं करून आलेला. त्याला माझ्या तोंडून ‘जा’ ऐकायचं असतं, शेजारी बसलेल्या बायकोला ‘नको’. मी दोन्ही म्हणत नाही, वही काढते.

इथे सांगतेय ते जोडपं उचगावचं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत फेरफार करून लिहिते आहे. तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीमध्ये (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी विभागात. ती एम.कॉम., राजारामपुरीतल्या एका दुकानाचं अकाउंट अर्धा दिवस बघते. मुलगा सहा वर्षांचा. चाकणच्या एका कंपनीने त्याला वर्षाला ९ लाखांची ऑफर दिली होती. सोबत त्याचे वडीलही आले होते. ते आत यायला तयार नव्हते, ‘आमचं काय काम हितं’ म्हणत बाहेरच्या बाकावर बसले. त्यांना मीच आत बोलावलं. अशा निर्णयात घरातल्या वडीलधाऱ्यांचा पैसा आणि कष्ट किती गुंतलेले असतात, हे ते समोर नसले की हिशेबात येतच नाही.

त्याचं गणित सोपं होतं. नऊ लाख भागिले बारा, म्हणजे महिन्याला ७५ हजार. इथे हातात ३६ हजार. ‘सरळ दुप्पट हाय की मॅडम.’

मी ऑफर लेटरचं शेवटचं पान मागितलं. ते त्याने आणलंच नव्हतं, फोनवर होतं. ७५ हजारांत कंपनीने भरायचा पीएफ ४,५०० धरलेला. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे, १,८०० धरलेले. ती तर कायद्याने साधारणपणे सलग पाच वर्षं नोकरी झाल्यावरच पदरात पडते. आरोग्य विम्याचा हप्ता हजार. आणि व्हेरिएबल पे, म्हणजे पक्का नसलेला, कमी-जास्त होणारा पगार, वर्षाला ९० हजार, म्हणजे महिन्याचे साडेसात हजार, जे दर महिन्याला येणारच नाहीत. राहिले ६०,२००. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ ४,५००, व्यवसाय कर २००, कँटीन आणि कंपनी बसचे दीड हजार. हातात ५४ हजार. नव्या कर प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही, तेवढी कात्री तरी वाचली.

तो जरा वेळ फोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘तरी बी दीडपट आहे.’ बरोबर होतं.

मग मी इथला पगार मांडायला सांगितला. ‘३६ हजार.’ आणि? ‘हिचे नऊ.’ आणि? पुढे काही नाही असं त्याला वाटत होतं. घर वडिलांनी बांधलेलं, भाडं नाही. गावाकडच्या दोन एकरांतून वर्षाचा तांदूळ आणि गूळ येतो. दूध शेजारच्या गोठ्यावरचं, तेही भाऊबंदांच्या दरात. मुलाला शाळेत सोडायला-आणायला आजोबा, आणि दुपारी आई दुकानात असते तेव्हा जेवण, झोप, अभ्यास सगळं आजीकडे. ‘आत्यांना पगार द्यायचा म्हटला तर माझे नऊच्या नऊ हजार तिकडंच जातील,’ ती सासूबाईंबद्दल म्हणाली आणि स्वतःच हसली. मला तेच हवं होतं. कुठल्याही सॅलरी स्लिपवर न दिसणारा हा पगार गाव सोडलं की पहिल्या दिवसापासून बंद होतो आणि तीच कामं तिथे विकत घ्यावी लागतात.

आता दोन्हीकडचा महिना. कोल्हापुरात दोघांचे मिळून ४५ हजार येतात, २२ हजार खर्च होतात, २३ उरतात. पुण्याच्या बाजूला त्याने आधी भाडं लिहिलं १२ हजार. ‘मित्राने सांगितलंय.’ मित्र अविवाहित, वन आरकेमध्ये राहणारा. ती म्हणाली, ‘मामा-आत्या (सासू-सासरे) आले तर झोपायचे कुठं?’ म्हणून चाकणच्या वाटेवरच्या मोशीत टू बीएचके, मेंटेनन्ससकट १९ हजार. किराणा, भाजी, दूध, गॅस १४ हजार. घरचा तांदूळ एसटीतून किती नेणार? शाळेची फी आणि व्हॅन ८ हजार. वीज, मोबाइल, इंटरनेट ३ हजार, पेट्रोल २ हजार, दवाखाना-कपडे-सणवार ४ हजार, महिन्यातून एकदा कोल्हापूरला येणं-जाणं अडीच हजार. झाले साडेबावन्न. उरले दीड हजार.

मेंटेनन्सचा आकडा ऐकून वडील पहिल्यांदा बोलले. ‘तिकडं पाणी बी इकत घ्याय लागतंय म्हणं.’ मुलगा वैतागला, ‘आबा, सगळीकडं नसतंय तसं.’ पण उन्हाळ्यात पुण्याच्या कडेच्या अनेक सोसायट्या टँकरवर चालतात आणि तो पैसा मेंटेनन्समधूनच जातो. भाडेकरूने घर बघतानाच विचारून घ्यावा असा हा प्रश्न आहे. पुण्यातला माणूस तो विचारतोच, बाहेरचा हॉलला गॅलरी आहे का ते बघत बसतो.

दीड हजार हा आकडा मात्र त्याच्यावर थोडा अन्याय करणारा होता, आणि तेही मी त्यांना सांगितलं. चाकणला दोन्ही बाजूंचा मिळून पीएफ महिन्याला ९ हजार जमा होणार. इथे कंपनी पीएफच्या वेतनमर्यादेवर, म्हणजे १५ हजारांवरच कापते, ते होतात ३,६००. हे वरचे ५,४०० बचतच आहेत, हातात नसले तरी. व्हेरिएबलचं त्याने तिथल्या ओळखीच्याला विचारलं होतं, मागच्या वर्षी सत्तर टक्के मिळालं. तेवढंच धरलं तर महिन्याला सव्वापाच हजार पडतात. सगळं मिळून पुण्याची शिल्लक बारा हजारांच्या आसपास. इथे तेवीस. म्हणजे दीडपट पगार घेऊन दरमहा अकरा हजारांनी मागे.

केंद्र सरकारचं उदाहरण मी अशा वेळी मुद्दाम देते, कारण नात्यात कोणीतरी रेल्वेत किंवा पोस्टात असतं आणि त्यांच्या बदल्यांवरून घरात मतं तयार झालेली असतात. घरभाडे भत्त्यासाठी सरकारने शहरांचे एक्स, वाय, झेड असे गट पाडलेत. पुणे एक्समध्ये, कोल्हापूर वायमध्ये. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून हा भत्ता मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के आहे. ५० हजार मूळ वेतन असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याची कोल्हापूरहून पुण्याला बदली झाली, तर घरभाड्यापोटी वाढतात ५ हजार. स्वतःच्या घरातून उठून मोशीत १९ हजारांवर जाणाऱ्याची भरपाई त्यात कुठली होणार? खासगी कंपनी तर शहराचा फरक वेगळा दाखवतही नाही, आकड्यातच सगळं आलं असं धरते.

इथवर आलं की नवऱ्यांचा चेहरा पडतो आणि बायका ‘बघा, मी सांगत होते’ म्हणतात. तिने तसं म्हटलं नाही. तिने विचारलं, ‘मी तिकडं नोकरी केली तर?’

माझ्या अनुभवात खरा निकाल याच प्रश्नावर लागतो. एकट्याच्या पगारावर तीन माणसं शहरात गेली की भाडं आणि शाळा वाढीव पगार जवळपास खाऊन टाकतात. भाडं एकदाच भरायचं असतं, त्यामुळे दुसरा पगार आला तर तो बराचसा शिल्लक राहतो. तिच्या शिक्षणाला कोल्हापुरात अर्ध्या दिवसाचे नऊ हजार मिळतात. भोसरी-पिंपरीत कारखान्यांच्या अकाउंट विभागात पूर्ण दिवसाचे वीस-चोवीस मिळू शकतील असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं. चोवीस धरले, त्यातून पाळणाघराचे सहा आणि जाण्यायेण्याचे दीड हजार वजा केले, तरी साडेसोळा उरतात. मग पुणे कोल्हापूरच्या पाच-साडेपाच हजारांनी पुढे जातं. उलट हिशेब केला तर तिचा पगार साडेअठरा हजारांच्या खाली असेल तर जाण्यात तोटा. त्यांनी वहीत गोल करून लिहिलं: वीस.

अर्थात यात आजीची जागा पाळणाघराने घेतली होती, आणि सहा हजारांत आजी येत नाही. तो विषय निघाला तेव्हा वडील खाली बघत म्हणाले, ‘पोरगं आमच्याबिगर ऱ्हाईल, आमचंच अवघड हाय.’ त्यावर कुणीच काही बोललं नाही. मीही नाही.

एकट्याने जायचा पर्याय त्यानेच काढला. कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत एका खाटेपुरती जागा, मेस, महिन्यातून तीन खेपा. एकोणीस हजारांत त्याचं भागलं असतं. इथलं घर तिचे नऊ हजार धरून तसंच चालू, पेट्रोलसारखा त्याचा इथला साडेतीन हजारांचा खर्च वाचलेला. रोख शिल्लक साडेपंचवीस, पीएफ आणि व्हेरिएबल धरून छत्तीसच्या पुढे. पैशांत हा पर्याय सगळ्यांत वरचढ. तिने एवढंच विचारलं, ‘सुट्टी कुठल्या दिवशी?’ पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, याही कंपनीची होती. मुलाची रविवारी. म्हणजे बुधवारी रात्री निघून, अडीचशेवर किलोमीटर येऊन तो घरी पोचणार, तेव्हा मुलगा शाळेच्या तयारीत. दुपारी भेट, संध्याकाळी परत निघायचं. एक-दोन वर्षांसाठी पुष्कळ जण हे करतात. किती दिवस करायचं ते आधी ठरवलेलं नसेल तर मात्र पाच वर्षं कशी जातात कळत नाही, आणि अशी घरं माझ्याकडे वेगळ्याच तक्रारी घेऊन येतात.

मग मी विचारलं, उरलेल्या पैशाचं करणार काय? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, पण आधी विचारला तर लोकांना तो आगाऊपणा वाटतो. तो म्हणाला, पुढेमागे मोशीत फ्लॅट. वडील म्हणाले, उचगावच्या घरावर माडी चढवायची. एकाच शिल्लकीबद्दल दोघं बोलत होते, आणि तिची किंमत दोन्हीकडे फार वेगळी आहे. ५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ४३ हजारांच्या वर जातो. त्याच्या ५४ हजारांत हे बसतच नाही. वरच्या मजल्यासाठी १२ लाख दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता पंधरा हजारांच्या आत, जो आजच्या तेवीसमधून भरता येतो. शहरात कमावून गावाकडे खर्च करणाऱ्याला शहरी पगार भरपूर पुरतो. तोच पैसा शहरातच घरात घालायचा असेल तर पगाराची मोजणीही तिथल्या चौरस फुटाच्या दराने करावी लागते. मोबाइल, गाडी, सोनं यांचे भाव दोन्हीकडे जवळपास सारखेच, त्यामुळे अशा खरेदीत रुपयांत जास्त उरवणारा फायद्यात राहतो. फरक पडतो तो जागेत आणि माणसांच्या कष्टांच्या किमतीत.

एक गोष्ट त्याच्या बाजूची होती आणि ती मी ठासून सांगितली. इथे त्याला वर्षाला दीड हजारांची वाढ मिळते. पाच वर्षांनी साडेत्रेचाळीस. चाकणला आठ टक्के धरले तरी ५४ चे ७९ होतात, आणि कंपनी पटली नाही तर त्याच रस्त्यावर दुसरी असते. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे फाउंड्री पुष्कळ आहेत, पण त्याच्या वरच्या खुर्च्या मोजक्या, आणि त्या बहुतेक मालकांच्या घरात. खर्चही पाच वर्षांत वाढणार हे खरं, तरी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी चढ कुठे आहे हे बघायलाच हवं. याच महिन्यात गडहिंग्लजकडची एक अविवाहित नर्स मुंबईला जायचं विचारायला आली होती. राहायला हॉस्पिटलचं हॉस्टेल, जेवणाची सोय, घरी हप्ता पाठवायचा. तिला मी वही काढायलाही लावली नाही, जा म्हटलं.

या दोघांनी ठरवलं ते असं. तो आत्ता एकटा जाणार, पण मुदत मेअखेरपर्यंतच. तोवर तिने भोसरी-पिंपरीत अर्ज करायचे. वीसच्या वरची नोकरी मिळाली तर तिघं जातील, नाही तर तो परत येईल किंवा इथल्याच दुसऱ्या कंपनीत बघेल. जाण्याआधी त्याने एचआरला फोन करून व्हेरिएबलमधले ३० हजार पक्क्या पगारात घालून घेतले. असं मागता येतं हेच त्याला माहीत नव्हतं. आत्ताच्या कंपनीत राजीनामा देताना भांडून निघायचं नाही, हे वडिलांनी बजावलं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. पहिल्या मुलाखतीत सतरा हजार सांगितले, तिने नाही म्हटलं. दुसरीचं उत्तर यायचंय. मुलाचा मोशीतल्या शाळेत अर्ज भरलाय, उचगावच्या शाळेतून नाव अजून काढलेलं नाही.