शनवारतेल्यांचा दाखला

प्रश्न : बाई, माझी मुलगी पुण्याला वकिलीचं शिकते. गणपतीत घरी आली होती, तेव्हा जेवताना तिने विषय काढला. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या छळलं, हाकललं, त्याने स्वतःचं राष्ट्र उभं केलं तर ‘आमच्याच माणसांना आत घेणार, बाकीच्यांना नाही’ असं म्हणणं न्यायाचं आहे का? बोलणं अर्थातच इस्रायलवर गेलं. मी म्हटलं, न्यायाचंच आहे. ज्याने जन्मभर मार खाल्ला त्याने दाराला कडी लावायची नाही तर कुणी लावायची? ती म्हणाली, ‘‘बाबा, हीच कडी ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्यांनी लावली तर तुम्ही तिला वर्णद्वेष म्हणता. म्हणजे कडी कुणी लावली त्यावर न्याय ठरतो का?’’ मला काही सुचलं नाही, पानातला भात मात्र गार झाला. तुम्ही इतिहास शिकवलात आणि राहता अलिबागला, म्हणून तुम्हालाच विचारतो.
— एक वाचक, पेण

उत्तर : लेक वकिली चांगली करणार, काळजी नसावी. पण तुमचंही अगदीच चुकलेलं नाही, म्हणून आधी तुमची बाजू घेते.

१९३८ च्या जुलैत फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ३२ देशांचे प्रतिनिधी जमले होते. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ज्यूंना कुणी घ्यायचं, हा विषय. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. बऱ्याच जणांना घ्यायची तयारी दाखवली ती एकट्या डॉमिनिकन रिपब्लिकने. पुढच्या वर्षी ‘सेंट लुई’ नावाची बोट ९३७ प्रवासी, बहुतेक ज्यू निर्वासित, घेऊन क्यूबात हवानाला गेली. थोडेच उतरू शकले. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे दिवे दिसत होते, पण तिथेही थारा मिळाला नाही. बोट युरोपला परतली आणि त्यातली २५४ माणसं पुढे नाझींच्या संहारात गेली. त्याच १९३९ मध्ये ब्रिटिशांनी पॅलेस्टाइनचं दारही ओढून घेतलं. पाच वर्षांत ७५ हजार, बस. हे सगळं ज्यांनी पाहिलं त्यांच्या इस्रायलने ५ जुलै १९५० ला कायदा केला, की जगातला कुठलाही ज्यू इथे येऊन राहू शकतो. मला यात अन्याय दिसत नाही. बुडणाऱ्यांनी मिळून होडी बांधली आणि पहिली जागा बुडणाऱ्यांना ठेवली, तर काठावर कोरड्या अंगाने उभ्या असलेल्याने तक्रार करायचं कारण नाही.

ऑस्ट्रेलियाचं उत्तरही यातच आहे. १९०१ मध्ये ‘गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया’ करणाऱ्यांच्या मागे कोण लागलं होतं? कुणीच नाही. उलट मूळच्या रहिवाशांची जमीन तेच घेऊन बसले होते. म्हणजे कडीला आधार लागतो तो धोक्याचा. रक्ताचा आधार चालत नाही.

आता लेकीची बाजू. त्यासाठी आमच्या इस्राएल आळीत यावं लागेल.

माझं लहानपण या आळीला लागूनच गेलं. शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं कुटुंब. या लोकांची कथा तुम्हाला पेणला राहून माहीत असणारच. तुमच्या गावाचं नाव लावणारे पेणकरही त्यांच्यात आहेत, तसेच रोहेकर, नवगावकर, किहीमकर. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या-पुस्तकं समुद्रात गेली, आणि ही माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली, असं ते सांगतात. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवारतेली. एरवी बोलणं मराठी, नेसणं नऊवारी. त्यांच्या नवीन वर्षाला आमच्याकडे गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवा येई, वड्या कापून. मलिदा या त्यांच्या विधीला गोड पोहे, खोबरं, वेलची, फळं, आणि एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताचं नाव. या मातीत त्यांना कुणी छळलं नाही, हे ते स्वतःच अभिमानाने सांगतात. तरीही इस्रायल झाल्यावर एकेक घर रिकामं होऊ लागलं. शेजारच्या आजींची धाकटी मुलगीही नवऱ्याबरोबर गेली.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. आजींना दिसत नसे म्हणून तिकडची पत्रं मी वाचून दाखवायची. पातळ निळा कागद, सुबक मराठी अक्षर, कडेच्या समासातही मजकूर. एका पत्रात मुलीने लिहिलं होतं की थोरलीचं लग्न ठरलं आहे, पण नोंद करायला गेलो तर तिथला माणूस विचारतो, मुलीच्या आजीची आई कुठली? तिची आई कुठली? ती ज्यूच होती कशावरून? तिच्या लग्नाचा कागद आहे का? मी वाचत होते, आजी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. मग त्या हसल्या, आणि ते हसू मला आवडलं नाही. म्हणाल्या, ‘‘अगं, तेल्याच्या घरी वंशावळ कोण लिहून ठेवतं? शनिवारी आमचा बैल मोकळा असायचा, सगळ्या गावाने बघितलाय. तोच आमचा दाखला.’’

पुढे इतिहास शिकवायला लागल्यावर त्या पत्रामागची हकिगत कळली. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना काढल्या होत्या, की बेने इस्राएलांपैकी कुणी इतर ज्यूंशी लग्न करत असेल तर त्याच्या आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागे जाऊन तपासा. वेगळ्या पाण्याचा थेंब कुठे मिसळला नाही ना, एवढंच बघायचं. कोकणातून गेलेले हे शांत लोक शेवटी जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने खास बैठक घेतली आणि बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, इतरांइतकेच हक्कदार आहेत, असं ठरवलं. मग धर्मपीठाने त्यांचं नाव सूचनांतून काढलं. ज्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं म्हणून एवढा गाजावाजा, त्यांनाच उंबऱ्यावर अडवून तुझी पणजी कोण, असं विचारलं गेलं होतं.

यात बेने इस्राएल तेवढे बिचारे, असंही समजू नका. आळीतही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. आई बाहेरची असली की ती ओळ काळ्यांची. सोयरीक नाही, पंगतही वेगळी. आजींना हे विचारलं की त्यांना अचानक ऐकू येईनासं व्हायचं. आणि मुंबईचे बगदादी ज्यू या दोघांनाही आपल्या कबरस्तानात शेजारी झोपू द्यायला तयार नव्हते. मधे भिंत घाला म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांनी अर्ज केला होता.

सांगायचं ते एवढंच, की ‘आमचे’ आत आणि ‘परके’ बाहेर असं म्हटलं की दारात तपासणारा बसवावा लागतो. तपासणाऱ्याला काम हवं असतं. परके संपले की तो घरातल्यांकडे वळतो. शेजारचंच बघा. पाकिस्तान मागितलं गेलं ते हिंदुस्थानातल्या मुसलमान अल्पसंख्याकांना निर्धास्त जगता यावं म्हणून. सीमा आयोगापुढे मुस्लिम लीगची बाजू मांडणारे आणि पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री झालेले जफरुल्ला खान अहमदी पंथाचे होते. १९७४ मध्ये त्याच देशाने घटनेत दुरुस्ती करून अहमदी मुसलमान नाहीत असं लिहिलं. जफरुल्ला खान तेव्हा हयात होते.

इस्रायलने १९७० मध्ये कायदा सैल केला, हे मात्र सांगायला हवं. आजा-आजींपैकी एक जण ज्यू असला तरी आत घ्यायचं, नवरा-बायकोलाही घ्यायचं. हिटलरच्या १९३५ च्या कायद्यांत आजा-आजीच मोजले होते. तिथे ज्याला ज्यू म्हणून धरलं असतं त्याला इथे निवारा मिळावा, असा त्यातला हिशेब सांगतात. मला तो पटतो, कारण तो धोक्याच्या मापाने चालतो. पण विवाहनोंदणी धर्मपीठाकडेच राहिली आणि धर्मपीठ आईची बाजू बघतं. त्यामुळे आजोबांच्या नावावर नागरिक झालेल्याला तिथेच ज्यू म्हणून लग्न करता येत नाही, अशी गंमत आजही आहे. लेकीला ही विसंगती नक्की सांगा, तिच्या उपयोगाची आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. आतापर्यंत आपण जे बाहेरून येतात त्यांच्याबद्दल बोललो. पण जो आधीपासून घरातच होता त्याचं काय? १९४८ च्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी अरब आपली गावं सोडून गेले, काही भीतीने, काही हाकलले गेले म्हणून. ज्यांना परत येऊन शेजाऱ्यांबरोबर शांततेने राहायचं असेल त्यांना येऊ द्यावं, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षी ११ डिसेंबरला केला. त्यांना येऊ दिलं नाही. १९५० मध्येच, ज्या वर्षी जगभरच्या ज्यूंना दार उघडलं त्याच वर्षी, ‘गैरहजर मालकां’च्या मिळकतीचा कायदा झाला आणि त्यांची घरं, बागा, शेतं सरकारी ताब्यात गेली. काही जण तर इस्रायलच्या हद्दीतच होते, फक्त स्वतःच्या गावातून शेजारच्या गावात पळाले होते. त्यांच्यासाठी ‘हजर गैरहजर’ असा शब्द रूढ झाला. कुळकायदा आणि सातबारा यांच्यात आयुष्य गेलेल्या आपल्या कोकणी माणसाला या शब्दातली मेख समजावून सांगायला नको. जे मागे राहिले त्यांना नागरिकत्व आणि मत मिळालं, पण १९६६ पर्यंत ते लष्करी अंमलाखाली होते.

इस्रायलची बाजूही खोटी नाही. पॅलेस्टाइनच्या फाळणीची योजना अरबांनी नाकारली, शेजारच्या देशांनी सैन्य घातलं, आणि अरब देशांतूनही लाखो ज्यूंना घर सोडावं लागलं. १९५०-५१ मध्ये एकट्या इराकमधून लाखाच्या वर ज्यू विमानांनी इस्रायलला आले. हे सगळं मान्य करूनही मी म्हणेन, की ज्याच्या आजोबाने जाफाला संत्र्याची बाग लावली तो परका होत नाही. ज्यूंना युरोपने मारलं, आणि बाग गेली जाफावाल्याची. बगदादच्या ज्यूला लुटलं म्हणून बाग घेणाऱ्याचं देणं फिटत नाही. दोन्ही देणी वेगवेगळी आहेत आणि दोन्ही थकलेली आहेत.

तेव्हा तुमच्या वादात मी कौल असा देईन : मार खाल्लेल्यांनी आपल्या माणसांना आधी आत घ्यावं, त्यात तुम्ही जिंकलात. बाकी दोन मुद्द्यांवर लेक जिंकली. गार भाताचं सांगायचं तर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्या, रात्री चालतो.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षं लायबेरियात मोनरोव्हियाला आहे, एका भारतीय व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. तिथे दुकान आणि थोडी जमीन घ्यावी असं त्याच्या मनात आहे. पण सगळे म्हणतात, इथे आपल्याला नागरिकत्व मिळतच नाही, कारण आपण काळे नाही! हे खरं आहे का? आम्हाला तर इकडे सगळे सावळे म्हणतात.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खरं आहे, आणि वरच्या प्रश्नाचाच हा धाकटा भाऊ आहे, म्हणून याच अंकात घेतला. लायबेरिया उभा केला अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी. काही स्वतः गुलामीतून सुटलेले, काहींचे आईबाप गुलाम. २६ जुलै १८४७ ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि घटनेत लिहिलं, की नागरिक होईल तो कृष्णवर्णीयच, गोरा नाही. पाठीवर वळ असलेल्या माणसाने गोऱ्या मळेवाल्याला जमीन न विकण्याचा कायदा केला, यात मला काही गैर वाटत नाही. मळेवाला आला असता तर पैशाच्या जोरावर वर्षभरात सगळं पुन्हा त्याचंच झालं असतं.

पण गंमत पुढे आहे. त्या किनाऱ्यावर आधीपासून राहणाऱ्या जमाती याहूनही काळ्या होत्या, तरी त्यांना बरोबरीचं नागरिक मानायला विसावं शतक उजाडावं लागलं. अमेरिकेहून आलेल्यांची मूठभर घराणी कोट-टोपी घालून १९८० च्या लष्करी बंडापर्यंत राज्य करत होती. गोऱ्यासाठी केलेली कडी, आणि तिच्या आड राज्य मात्र शेजाऱ्यावर.

१९८६ च्या घटनेतही नागरिकत्व निग्रो वंशाच्या व्यक्तींनाच, आणि जमिनीची मालकी नागरिकांनाच, अशी तरतूद आहे. फुटबॉलपटू म्हणून गाजलेले जॉर्ज वेआ २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा ही अट वंशवादी आणि आता अनावश्यक आहे असं त्यांनी जाहीर बोलून दाखवलं. बऱ्याच लायबेरियनांना ते रुचलं नाही. लेबनीज आणि भारतीय व्यापारी जमिनी घेऊन टाकतील ही त्यांची भीती. म्हणजे १८४७ मध्ये जो मळेवाला होता, त्या जागी आता तुमचा मुलगा उभा आहे, निदान त्यांच्या नजरेत. तो हिशेबनीस आहे हे त्यांना कोण सांगणार!

मुलाला म्हणावं, दुकान भाड्यानेच घे, करारपत्र तिथल्या वकिलाकडून पक्कं करून घे, आणि दुसऱ्याच्या नावावर जमीन घेण्याच्या फंदात अजिबात पडू नकोस. सावळेपणाचा मुद्दा तिथे चालणार नाही.