आईला दिलेली गोळीच मला का? अर्धशिशीबद्दल थोडं

तुम्ही विचारलंय की तुमच्या आईला पंचवीस वर्षांपूर्वी अर्धशिशीवर ज्या गोळ्या मिळायच्या, जवळपास त्याच आज तुम्हाला लिहून दिल्यात, मग इतक्या वर्षांत काही बदललंय का? बदललंय, आणि पुष्कळ. आमच्या घरात हे दुखणं चौथ्या पिढीत आलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर होतं. आजीचं डोकं उठलं की मधल्या खोलीची खिडकी लावायची आणि सहाणेवर सुंठ उगाळायची, हे काम माझ्याकडे असे. लेप वाळून कपाळाची कातडी ओढली गेली की ती म्हणायची, "आता सोसतंय गं." सूर्य उगवायच्या आत दुधात जिलेबी, हा आमच्याकडचा ठरलेला उपाय. आजोबा अंधारातच जिलेबी आणायला निघायचे. त्यानं दुखणं थांबल्याचं मला आठवत नाही, दुपारपर्यंत उलटी व्हायचीच. पण तिच्या हाताशी दुसरं काही नव्हतं.

माझ्या आईला मिळालं एर्गोटामिन. राय धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीतून आर्थर स्टोल यांनी ते १९१८ मध्ये वेगळं काढलं. डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून ठणका लागतो, अशी पुढे समजूत झाली. हॅरॉल्ड वोल्फ यांच्या १९३८ च्या प्रयोगांनी ती पक्की केली. एर्गोटामिन वाहिन्या आवळतं, म्हणून तेच औषध.

मलाही तेच मिळालं. ते मोजून घ्यायचं असतं हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. दुकानदार चिठ्ठी न मागता गोळ्यांची पट्टी हातावर ठेवायचा. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ज्या दिवशी गोळी घ्याल त्या तारखेवर लाल टिंब करा. महिनाअखेर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बावीस टिंबं होती. मी दोनदा मोजली. गोळीच डोकेदुखी लावून ठेवते, हे तेव्हा कळलं. एर्गोटामिन किंवा ट्रिप्टान (खास अर्धशिशीच्या गोळ्या, त्यांच्याबद्दल पुढे सांगते) महिन्यात १० किंवा जास्त दिवस, साधं पॅरासिटामॉल १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की हा धोका असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मी ती बंद केली. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले, पण नंतर टिंबं कमी झाली. तुमचीही टिंबं आधी मोजा, ही माझी कळकळीची विनंती.

आता तुमचा मुख्य प्रश्न. दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायच्या बऱ्याच गोळ्या मुळात दुसऱ्याच आजारांच्या. प्रोप्रॅनोलॉल हृदयाचं औषध. ते घेणाऱ्या रुग्णांची अर्धशिशी कमी झाल्याचं १९६६ च्या सुमारास लक्षात आलं. अमिट्रिप्टिलिन नैराश्याचं, टोपिरामेट फेफऱ्याचं. स्वस्त आहेत, अनेकांना लागू पडतात, म्हणून टिकून आहेत. तेव्हा जुनी गोळी दिली म्हणजे डॉक्टर मागासलेले, असं समजू नका.

खास अर्धशिशीसाठी घडवलेलं औषध म्हणजे सुमाट्रिप्टान, ट्रिप्टान गटातलं पहिलं. ग्लॅक्सो कंपनीत पॅट्रिक हम्फ्री यांच्या चमूनं ते तयार केलं आणि १९९१ मध्ये ते बाजारात आलं. ठणका नुकता सुरू होताना घेतलं तर जास्त उपयोग होतो. हृदयविकार असेल तर ते चालत नाही.

खरी उलथापालथ मात्र पुढची. १९९० मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांना दुखण्याच्या वेळी मानेतल्या शिरेच्या रक्तात सीजीआरपी नावाचं द्रव्य वाढलेलं सापडलं. ते चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या टोकांतून सुटतं. म्हणजे मूळ दुखणं मज्जातंतूंचं, रक्तवाहिन्या त्यात नंतर येतात. सीजीआरपीचा मार्ग अडवणारं पहिलं इंजेक्शन, एरेनुमॅब, अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. ते महिन्यातून एकदा घ्यायचं. २०१९ पासून त्याच मार्गावरच्या जेपंट गोळ्याही आल्या. त्या रक्तवाहिन्या आवळत नाहीत. ही नवी औषधं महाग आहेत, आणि मला याचंच वाईट वाटतं, कारण ज्यांचे महिन्यातले पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत जातात, त्यांच्यापैकी किती जणींना ती परवडणार?

माझ्या लेकीला दमा आहे, म्हणून प्रोप्रॅनोलॉल नाही. बाळाचा विचार चाललाय, म्हणून टोपिरामेटही नाही. तिला रात्री अमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा आहे आणि पर्समध्ये ट्रिप्टान. तुमचंही असंच पाहावं लागेल, म्हणून वय, इतर आजार, दिवस राहण्याचा विचार, सगळं न्यूरॉलॉजिस्टना मोकळेपणानं सांगा. आणि एकाएकी कधी नव्हे इतकं डोकं फुटायला लागलं, किंवा सोबत हातपाय लुळे पडले, बोबडी वळली, तर अर्धशिशीच असेल म्हणून घरी थांबू नका, तडक इस्पितळ गाठा. एरवी जाताना तीन महिन्यांची पानं सोबत न्या, टिंबांसकट.