स्थानकातून जाणारा बिनतिकिटाचा रस्ता

प्रश्न : हायस्पीड रेल्वेची स्थानके अनेक देशांत शहराबाहेर, मोकळ्या जागी बांधलेली दिसतात. ज्या लोकांना जोडायचे, त्यांच्यापासूनच स्थानक दूर का ठेवले जाते? हे टाळता येते का?

उत्तर : याचे पहिले कारण भूमितीत आहे. ताशी 300 किलोमीटर वेगाच्या गाडीला साधारण 4 किलोमीटर किंवा त्याहून मोठ्या त्रिज्येचे वळण लागते. सोळा डब्यांच्या गाडीसाठी फलाट सुमारे 400 मीटर लांब असावा लागतो आणि न थांबणाऱ्या गाड्यांना मधून वेगळे रूळ द्यावे लागतात. दाट वस्तीत एवढी सरळ पट्टी हवी असेल तर घरे पाडावी लागतात किंवा बोगदा खणावा लागतो. म्हणून शहराला वळसा घालणारा मार्ग कागदावर स्वस्त दिसतो. ‘कागदावर’ असे मी मुद्दाम म्हणतो, कारण बांधकामात वाचलेला पैसा पुढे प्रत्येक प्रवाशाच्या वेळेतून रोज वसूल होत राहतो.

फ्रान्समध्ये आमिएँ आणि सँ-काँतँ या दोन शहरांच्या मधोमध 1994 साली ओत-पिकार्दी हे स्थानक बीटाच्या शेतांत उभे राहिले. दोन्ही शहरांची सोय पाहण्याच्या नादात ते दोघांपैकी कोणाचेच झाले नाही, आणि लोकांनी त्याला ‘बीटांचे स्थानक’ असे नाव ठेवले. आव्हीन्यों येथील हायस्पीड स्थानक 2001 मध्ये सुरू झाले, पण गावातल्या जुन्या स्थानकाशी त्याची रेल्वेजोड व्हायला 2013 साल उजाडले. स्पेनमधील सिउदाद रेआल या लहान शहराला मात्र 1992 मध्ये माद्रिद–सेव्हिल मार्गावर वस्तीलगतचे स्थानक मिळाले. माद्रिद तासाभराच्या आत आल्यामुळे तेथून नोकरीला आणि शिक्षणाला रोज ये-जा करणारा एक वर्गच तयार झाला. त्याच देशात ग्वादालाहारासाठी 2003 मध्ये जे स्थानक सुरू झाले, ते गावापासून कित्येक किलोमीटर दूर आहे. गावातून थेट माद्रिदला जाणारी लोकल उपलब्ध असताना तेथवर जाण्याचा खटाटोप फार थोडे लोक करतात.

आता टाळण्याविषयी. जुन्या आणि नव्या रुळांची रुंदी एकच असेल, तर वेगवान गाडी शहराजवळ वेग कमी करून जुन्या मार्गाने थेट मध्यवर्ती स्थानकात नेता येते. फ्रान्समधील अनेक गाड्या अशाच धावतात. जपानला ही सवलत नव्हती, कारण तेथील बहुतेक जुने मार्ग 1067 मिलिमीटरचे आणि शिनकान्सेनचे, म्हणजे तेथील हायस्पीड रेल्वेचे, 1435 मिलिमीटरचे. तरीही 1964 मध्ये शिन-योकोहामा स्थानक बांधताना जागा निवडली ती नवा मार्ग जुन्या योकोहामा मार्गाला ओलांडतो तेथली. सुरुवातीला आजूबाजूला बहुतांशी शेतेच होती, पण लोकल पहिल्या दिवसापासून हाताशी होती. 1985 मध्ये भुयारी रेल्वे आली आणि 2023 मध्ये आणखी एक मार्ग जोडला गेला. माझ्या मते स्थानक बाहेर नेणे अटळच असेल, तर ते नवा मार्ग जुन्या लोहमार्गाला ओलांडतो त्या बिंदूवरच असावे. बसची जोड हा त्याला पर्याय ठरत नाही, कारण खर्चकपातीची वेळ आली की पहिल्यांदा बसच्या फेऱ्या कमी होतात.

प्रश्न : जे रहिवासी या महागड्या गाडीत कधीच बसणार नाहीत, त्यांना स्थानकाचा काय उपयोग?

उत्तर : माझ्या दृष्टीने हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. रूळ म्हणजे वस्तीच्या मधून ओढलेली रेघ, आणि स्थानक ही ती ओलांडण्याची उत्तम जागा असते; परंतु तिकीट तपासणीचे अडथळे दोन्ही दारांवर बसवले की तीच जागा भिंत होते. ॲम्स्टरडॅमचे मध्यवर्ती स्थानक 1889 मध्ये कृत्रिम बेटांवर बांधले गेले आणि शहर आपल्याच पाण्यापासून तुटले. आज तेथे आंतरराष्ट्रीय वेगवान गाड्याही थांबतात. 2015 मध्ये या स्थानकाखालून 110 मीटर लांबीचा एक रस्ता खुला झाला, ज्यासाठी तिकीट लागत नाही. त्याचा अर्धा भाग सायकलींसाठी आणि किंचित उंच असलेला अर्धा भाग चालणाऱ्यांसाठी आहे. पायी जाणाऱ्याच्या बाजूची भिंत निळ्या-पांढऱ्या फरशांची असून तिच्यावर एक युद्धनौका आणि हेरिंग मासे पकडणाऱ्या होड्या चितारल्या आहेत. सायकलींच्या बाजूला आवाज शोषून घेणारी काळी जाळी आहे. पलीकडे पोचताच समोर विनाशुल्क फेरीबोट असते. दळण घेऊन घरी निघालेल्या माणसाला जेवढ्या सहजतेने गल्ली ओलांडता यावी, तेवढ्या सहजतेने येथे स्थानक ओलांडता येते.

दुकानांबद्दलही काही वाचकांनी विचारले आहे. ती असावीत, परंतु त्यांची दारे रस्त्याकडेही उघडावीत, एवढे पुरे.

आराखड्यावर हरकती मागवल्या जातात, तेव्हा दर्शनी भागाच्या रंगीत चित्रावर वेळ न घालवता तीन गोष्टी तपासाव्यात : तिकीट तपासणीची रेघ नेमकी कोठे आहे, बसथांबा वाहनतळापेक्षा दाराच्या जवळ आहे की नाही, आणि मागच्या बाजूचे प्रवेशद्वार पहिल्याच टप्प्यात बांधले जाणार आहे का. ते ‘दुसऱ्या टप्प्यात’ असे लिहिलेले आढळले, तर हरकत त्याच ओळीवर नोंदवावी.