"मॅडम, सिरपने फिट बंद होते का हो?"

हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. कुणी फिट म्हणतं कुणी आकडी, कुणी ब्राह्मी विचारतं कुणी वेखंड. म्हणून एका आईबद्दल लिहितेय, ओळख पटू नये म्हणून बरंच बदललंय.

मुलगा अकरा वर्षांचा, फेनिटॉइन ही फिट रोखणारी गोळी चालू. सात महिने शांत गेले आणि मग तीन आठवड्यांत दोन फिट्स. बाईंनी पर्समधून शंखपुष्पी सिरपची बाटली काढली, लेबल नखाने खरवडलेलं. घरात कुणी वाचू नये म्हणून.

पहिल्या भेटीत मी लेक्चर दिलं, कबूल करते. उंदरांवरचे प्रयोग भरपूर आहेत पण माणसांवरच्या नीट चाचण्या फारच थोड्या, वगैरे. त्या "हो, हो" म्हणत राहिल्या. माहिती दिली की माणूस गप्प होतो, पटलेलं असतंच असं नाही, हे इतक्या वर्षांनी तरी मला कळायला हवं होतं!

पुढच्या वेळी पुराव्याचा विषयच काढला नाही. विचारलं, "सिरप देताना तुम्हाला काय वाटतं?"

खूप वेळ गप्प. मग म्हणाल्या, "गोळी दिली ना, की तो पेशंट वाटतो. चमच्याने पाजलं की कसं, माझं लेकरू वाटतं."

मी काहीच बोलले नाही, आणि त्या न बोलण्याचं थोडं श्रेय मी घेतेच, कारण त्यानंतर त्या आपणहून म्हणाल्या, "रात्रीची गोळी बंद केलीय मी. दोन्हीचा भार नको म्हणून."

म्हणजे प्रश्न पुराव्याचा नव्हताच, आपल्या हाताने काहीतरी करता येण्याचा होता.

आता पुराव्याचं. शंखपुष्पी सिरप आणि फेनिटॉइन यावर 1992 मध्ये एक अभ्यास आला होता, दोन पेशंटच्या फिट्स अचानक वाढल्या म्हणून केलेला. उंदरांमध्ये सिरपचा स्वतःचा फिट रोखणारा परिणाम दिसला, पण दोन्ही रोज एकत्र दिल्यावर रक्तातली फेनिटॉइनची पातळी खाली आली. बाईंच्या मुलाची तर गोळीही अर्धी झालेली. नेमकं कशामुळे बिघडलं ते डॉक्टरांनी बघायचं, पण ही दोन्ही कारणं त्यांच्यासमोर जायलाच हवीत.

आणि वनस्पतीत काही नसतं असंही मी म्हणत नाही. गांजाच्या झाडातल्या कॅनाबिडिऑलला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली, ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या एपिलेप्सीच्या दोन अवघड प्रकारांसाठी. पण ते शुद्ध केलेलं, डोस ठरलेलं औषध आहे, आणि मुख्य चाचण्यांमध्ये ते चालू गोळ्यांच्या जोडीला दिलं होतं, गोळ्या बंद करून नाही. हा फरक लोक ऐकतच नाहीत.

गोळी मनाने कमी करू नका, अचानक सोडली तर न थांबणारी फिट येऊ शकते. पाच मिनिटांच्या वर चालली तर सरळ हॉस्पिटल. फिट चालू असताना तोंडात काही घालू नका, सिरप तर नाहीच, कुशीवर वळवा.

बाईंना मी हातांसाठी कामं दिली. गोळ्यांचा डबा भरायचा, फिटची तारीख-वेळ वहीत लिहायची, जमलं तर मोबाईलवर शूट करायचं. सिरपचं काय करायचं ते मी सांगितलंच नाही, म्हटलं बाटली डॉक्टरांना दाखवा.

"आणि ते रागावले तर?"

"मग मला सांगा."

पुढच्या भेटीला आल्या तेव्हा बाटलीवर चिकटपट्टी होती, त्यावर बॉलपेनने सिरपचं नाव, किती चमचे आणि कधीपासून. डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या.