वाचकांचे प्रश्न : टॅबवर बोट झिजवू नका, एच दाबून बघा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मला दिसत नाही आणि हे सदर मी स्वतःच टाईप करतो, स्क्रीनवर जे असेल ते स्क्रीन रीडर वाचून दाखवतो आणि माऊसला मी हातही लावत नाही, सगळं काम कीबोर्डवर. त्यावर बरीच पत्रं आली, काही तर फोनवर बोलून कुणाकडून तरी लिहून घेतलेली. म्हणून यावेळची सगळी जागा शॉर्टकट कीजना.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, जन्मापासून दिसत नाही. मोबाईल मला फास्ट येतो पण लॅपटॉप नवीन आहे, सरांनी त्यात एनव्हीडीए हे स्क्रीन रीडरचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला बसले तर टॅब दाबून दाबून जीव गेला, नुसत्या लिंकाच लिंका. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून ई दाबून बॉक्स शोधला पण आईचं नाव टाईप करायला गेले की कर्सर भलतीकडेच पळायचा. तीनदा झालं असं. मग शेजारच्या दादाकडून भरून घेतला. माझं काय चुकतंय? — एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : अगं तुझं जवळजवळ बरोबर होतं, एक एंटर राहिला फक्त. नीट सांगतो, कारण ही एक गोष्ट कळली की अर्धी लढाई संपते.

वेबसाईटवर असताना एनव्हीडीए दोन अवस्थांत असतं. एक ब्राऊज मोड, म्हणजे तू पान वाचत फिरतेयस असं ते धरून चालतं, आणि त्यावेळी कीबोर्डवरची अक्षरं ही अक्षरं नसतात, त्या उड्या असतात. एच दाबलं की पुढच्या हेडिंगवर, के दाबलं की लिंकवर, बी म्हणजे बटन, ई म्हणजे टाईप करायचा बॉक्स, एक्स म्हणजे चेकबॉक्स, टी म्हणजे टेबल, एल म्हणजे लिस्ट. शिफ्ट धरून तेच अक्षर दाबलं की मागे उडी. दुसरा फोकस मोड, त्यात अक्षर हे अक्षर असतं आणि ते बॉक्समधे उमटतं. आता समज आईचं नाव कमल आहे आणि तू ई दाबून बॉक्सवर पोचलीस पण अजून ब्राऊज मोडमधेच आहेस, तर के दाबल्याबरोबर ते तुला उचलून पुढच्या लिंकवर नेणार, एल दाबलं की कुठल्यातरी लिस्टवर. बॉक्सवर आल्यावर आधी एंटर दाबायचा, टक् असा बारीक आवाज येतो, तो आला की मग खुशाल टाईप कर. लिहून झालं की एस्केप, पुन्हा उड्या चालू. टॅब दाबून बॉक्समधे गेलीस तर मोड आपोआप बदलतो, ई दाबून गेलीस तर आपण बदलायचा, म्हणून गोंधळ होतो. आणि कुठल्या मोडमधे आहोत तेच कळेनासं झालं तर इन्सर्ट धरून स्पेस दाब, मोड बदलतो आणि आवाजावरून समजतं.

आता टॅबचं. टॅब फक्त लिंक, बटन, बॉक्स अशा गोष्टींवर थांबतो, मधला साधा मजकूर तो सोडून देतो, त्यामुळे फॉर्मच्या वर ज्या सूचना लिहिलेल्या असतात त्या टॅबने जाणाऱ्याला कधी ऐकूच येत नाहीत. आणि नंतर फोटोची साईज चुकली म्हणून फॉर्म परत येतो! डोळस माणूस पान उघडलं की एका नजरेत कुठे काय आहे ते टिपतो, आपल्याला तशी नजर टाकायची असेल तर ती एच मधे आहे. मराठी विकिपीडियावरचा एखादा मोठा लेख उघड आणि नुसता 2 आकडा दाबत जा, दुसऱ्या पातळीची हेडिंग्ज एकामागून एक येतील, इतिहास, भूगोल जे काही असेल ते, अर्ध्या मिनिटात अख्ख्या लेखाचा सांगाडा डोक्यात बसतो, मग हवं तिथे थांबून डाऊन ॲरोने वाच. माझं पहिलं वर्ष मी प्रत्येक पान वरून खालपर्यंत सगळं ऐकत काढलं, मेनू, जाहिराती, सगळं. एच कळलं त्या दिवशी पेपरची वेबसाईट मी पहिल्यांदा 'चाळली', आणि चाळणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

आणखी एक की, इन्सर्ट आणि एफ 7. पानावरच्या सगळ्या लिंका, हेडिंग्ज, बटनं यांची यादी उघडते, त्यात शोधायचा शब्द टाईप केला की तेवढ्याच उरतात. लांबलचक सरकारी पानावर 'अर्ज' एवढं टाईप करून मी थेट हव्या त्या लिंकवर जातो.

काही साईटवर नुसतं "बटन, बटन, बटन" ऐकू येईल, त्यात मात्र तुझा दोष नाही, बनवणाऱ्याने बटनाला नावच दिलेलं नसतं. अशावेळी तक्रार जरूर कर, कुठल्या पानावरचं कितवं बटन ते लिहून. पुढचा फॉर्म स्वतः भर आणि मला कळव.

प्रश्न : माझे मिस्टर सरकारी ऑफिसात क्लार्क आहेत, वय 52. काचबिंदूने दोन वर्षांत नजर गेली. नोकरीचं काय होणार या काळजीने ते खचलेत. मुलगा शिकवायला बसतो पण पाच मिनिटात दोघांचं वाजतं. या वयात जमेल का? सॉफ्टवेअर महाग असतं का? — एक वाचिका, सांगली

उत्तर : ताई, आधी नोकरीचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 मधे स्पष्ट आहे की सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही की हुद्दा कमी करता येत नाही, ते काम जमणारं नसेल तर त्याच पगारात दुसरं काम द्यायचं असतं. हे त्यांना आजच वाचून दाखवा, मन थोडं हलकं होईल, मन हलकं झालं की बोटं चालतात.

पैशांचं म्हणाल तर एनव्हीडीए फुकट आहे, अगदी पूर्ण. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध मुलाने 2006 मधे ते लिहायला घेतलं, कारण विकतचे स्क्रीन रीडर खूप महाग आणि अंध माणसाला डोळसापेक्षा जास्त पैसे मोजून कॉम्प्युटर वापरावा लागतो हे त्याला पटत नव्हतं. नंतर जेम्स तेह हा त्याचा मित्र जोडीला आला, तोही अंध. त्यांचं काम आज आपल्या सांगलीत तुमच्या टेबलावर चालू शकतं, मला हे अजूनही फार मोठं वाटतं.

वयाचं काही मनावर घेऊ नका. उलट त्यांनी ऑफिसात टायपिंग केलंय, की कुठे आहेत ते बोटांना माहीत आहे, हा मोठा फायदा. एफ आणि जे या दोन कीजवर बारीक उंचवटा असतो, दोन्ही हातांची पहिली बोटं तिथे ठेवायची, बाकी कीबोर्ड आपोआप सापडतो. पहिल्या आठवड्यात इंटरनेट नको, ईमेल नको. इन्सर्ट धरून 1 दाबायचा, इनपुट हेल्प चालू होते, मग कुठलीही की दाबली तरी काही होत नाही, फक्त तिचं नाव आणि काम ऐकू येतं. पुन्हा इन्सर्ट आणि 1, बंद. "काहीतरी दाबलं जाईल आणि बिघडेल" ही जी भीती असते ना ती यानेच जाते, त्यांना तासभर नुसतं दाबत बसू द्या. मग चार गोष्टी. विंडोज की दाबून प्रोग्रॅमचं नाव टाईप करून एंटर. ऑल्ट टॅबने एका खिडकीतून दुसरीत. इन्सर्ट आणि टी, म्हणजे मी कुठे आहे. आणि नुसतं कंट्रोल, म्हणजे गप्प बस. ही शेवटची सगळ्यात आधी शिकवा, बोलणं थांबवता येत नाही तोवर माणूस त्या आवाजाला वैतागतो.

आणि आता मुलाला सांगायचंय, रागवू नको बाबा. माऊस बाजूला काढून ठेव. तू "दे इकडे, मी करतो" म्हणून क्लिक करतोस तेव्हा फोकस कुठेतरी भलतीकडे जातो आणि वडिलांच्या डोक्यातला नकाशा पुसला जातो, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. "वर उजवीकडे निळं बटन आहे बघा" असं म्हणू नको, बटनावर काय लिहिलंय ते सांग. आणि एकदा स्वतः करून बघ, इन्सर्ट, कंट्रोल, एस्केप एकत्र दाबलं की स्क्रीन पूर्ण काळी होते, कॉम्प्युटर चालूच राहतो. तसंच अर्धा तास बसून एक ईमेल पाठव. त्यानंतर तुम्हा दोघांचं वाजणार नाही असं मला वाटतं, कारण वडील कशाला अडतात ते तुला कळलेलं असेल.

प्रश्न : एनव्हीडीए अचानक बोलायचं बंदच झालं, आवाज फुल आहे, गाणी चालतात. बिघडलं का? — एक वाचक, पणजी

उत्तर : बहुतेक इन्सर्ट आणि एस चुकून दाबलं गेलंय, त्याने बोलणं बंद होतं किंवा नुसतं बीप बीप होतं. तेच पुन्हा दाबत जा, परत बोलायला लागेल. नाहीच झालं तर कंट्रोल, ऑल्ट, एन, एनव्हीडीए पुन्हा सुरू होतं. तेही जमेना तर विंडोज, कंट्रोल, एंटर दाबा, विंडोजचा स्वतःचा नॅरेटर बोलायला लागेल, अडीनडीला तो पुरतो.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला इन्सर्ट की धड नाही, एफएन धरावी लागते. — एक वाचक, पुणे

उत्तर : एनव्हीडीएच्या सेटिंग्जमधे कीबोर्ड विभागात जाऊन कॅप्स लॉकला इन्सर्टच्या जागी नेमा, आणि तिथेच लेआऊट लॅपटॉप करा. खरं कॅप्स लॉक हवं असेल तेव्हा ते दोनदा पटापट दाबायचं. लेआऊट बदलला की काही शॉर्टकट बदलतात, म्हणजे सलग वाचायला इन्सर्ट डाऊन ॲरोच्या ऐवजी कॅप्स लॉक आणि ए, चालू ओळीसाठी कॅप्स लॉक आणि एल.

प्रश्न : मी शिक्षक आहे, अंध. शाळेकडून मराठी परिपत्रकं वर्डमधे येतात पण एनव्हीडीए इंग्रजीत काहीतरी अगम्य बडबडतं. मराठी आवाज लावलाय तरी तेच. आणि मराठी टायपिंग कसं करू? — एक वाचक, धाराशिव

उत्तर : सर, तुमचा आवाज ठीक आहे, फाईल मराठीत नाहीये. ती कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधे आहे. त्या फाँटमधे आत इंग्रजीच अक्षरं असतात, फक्त त्यांना मराठी रूप चढवलेलं असतं. कृतिदेवमधे 'कमल' लिहिलं तर आत डी, ई, वाय ही तीन अक्षरं असतात, डोळ्यांना कमल दिसतं आणि स्क्रीन रीडरला डी, ई, वाय मिळतं, तो बिचारा तेच वाचणार. यावर कुठलाही शॉर्टकट नाही. कन्व्हर्टर मिळतात, त्यातून युनिकोडमधे, म्हणजे ज्यात मराठी अक्षर आतही मराठीच असतं, करून घेता येतं पण जोडाक्षरं कधीकधी तुटतात. खरा उपाय म्हणजे पाठवणाऱ्याने युनिकोडमधे टाईप करणं. ऑफिसच्या क्लार्कला शेजारी बसवून तुमच्या मशीनवर तीच फाईल ऐकवा, मी असं एका ठिकाणी केलं होतं, ते गृहस्थ दोन मिनिटं गप्प झाले आणि पुढचं परिपत्रक युनिकोडमधे आलं. तोंडी सांगून वर्षभर काही झालं नव्हतं.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी शिका, विंडोजमधे मराठी कीबोर्ड जोडला की विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी मराठी बदलता येतं, कुठली भाषा आली ते एनव्हीडीए सांगतं. इनस्क्रिप्टमधे स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. के वर क, एल वर त, आणि ते उंचवटे आहेत ना, एफ वर पहिली वेलांटी आणि जे वर र. आपण बोलतो त्याच क्रमाने टाईप करायचं, आधी क मग वेलांटी. इन्सर्ट आणि 2 दाबून प्रत्येक अक्षर बोलायला लावा, हात बसला की ते बंद करून इन्सर्ट आणि 3 ने फक्त शब्द ऐका. रोज वीस मिनिटं, हजेरीपटातली मुलांची नावं टाईप करा, त्यात सगळी जोडाक्षरं येतात.